गेमिंग पीसीसाठी एसएसडी : एक मोठी की दोन छोट्या, आणि आकड्यांच्या मागे किती धावायचं?

(या भागाचं लिखित रूप. बोलण्याच्या ओघातली पुनरुक्ती तेवढी काढली आहे, बाकी बोलणं जसंच्या तसं.)

घरी गेमिंग पीसी जोडायचं ठरलं की सगळी चर्चा ग्राफिक्स कार्डाभोवती फिरते. प्रोसेसर कुठला, रॅम किती, कॅबिनेटमध्ये दिवे किती, इथपर्यंत येईतो बजेट संपत आलेलं असतं. मग कोटेशनच्या शेवटच्या ओळीत लिहिलेलं असतं, ‘एसएसडी ५१२’. कंपनीचं नाव नाही, मॉडेल नाही. दुकानदार म्हणतो, ‘साहेब, एनव्हीएमई टाकतोय, एकदम रॉकेट आहे.’ आपण मान डोलावतो.

आजचा भाग त्या एका ओळीबद्दल आहे. ग्राफिक्स कार्ड थोडं कमी पडलं तर फ्रेम कमी मिळतात, सेटिंग खाली आणून भागतं. पण ही ओळ चुकली तर दर महिन्याला कुठला गेम उडवायचा हे ठरवत बसावं लागतं. आणि वाईट दिवस असला, तर घरचे फोटोही जातात. कारण आपल्याकडचा गेमिंग पीसी नुसता गेमिंगचा कधीच नसतो. त्यावरच मुलाचं प्रोजेक्ट असतं, बाबांचा हिशेब असतो, ताईच्या लग्नाचे व्हिडिओ असतात. हे डोक्यात ठेवूनच पुढचं ऐका.

आधी जागा, मग वेग

पहिला नियम सांगून टाकतो. पैसे मर्यादित असतील तर आधी जास्त जागा घ्या, मग वेगाचा विचार करा.

हिशेब करून बघू. ५१२ जीबीची ड्राइव्ह विंडोजमध्ये दिसते साधारण ४७७ जीबी. यात फसवणूक नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या पटीत. म्हणूनच १ टीबीची ड्राइव्ह ९३१ दिसते. आता त्यातून विंडोज, त्याचे अपडेट, पेज फाइल, ब्राउझर, डिस्कॉर्ड, ड्रायव्हर असं सगळं मिळून ७० जीबी सहज जातात. उरले ४०० च्या आसपास. आता गेम टाका. स्टारफिल्डला १२५ जीबी लागतात. बाल्डर्स गेट ३ ला १५० जीबी. सायबरपंक २०७७ ला ७० जीबी. झाले ३४५. म्हणजे तीन गेममध्ये ड्राइव्ह जवळजवळ भरली.

आणि एसएसडी काठोकाठ भरून चालत नाही. बऱ्याच ड्राइव्हमध्ये रिकाम्या जागेचाच एक भाग वेगवान कॅश म्हणून वापरला जातो. रिकामी जागा कमी झाली की कॅश आकसते आणि लिहिण्याचा वेग पडतो. दहा-पंधरा टक्के जागा मोकळी राहिलेली बरी. शिवाय स्टीमवर मोठा अपडेट आला की काही गेममध्ये जुन्या मोठमोठ्या फायली नव्याने लिहिल्या जातात, त्यासाठी तात्पुरती जास्तीची जागा लागते. अपडेट असतो एखाद्या जीबीचा आणि ‘डिस्क स्पेस अपुरी’ असा निरोप येतो, त्यामागचं कारण हे.

त्यामुळे आज नवीन पीसी जोडत असाल तर १ टीबी ही सुरुवात समजा. जमत असेल तर २ टीबी. भाव रोज बदलतात म्हणून मी रुपये सांगत नाही, पण दुकानात एक गोष्ट करा. किमतीला जीबीनं भागा. ५१२ चा दर जीबीमागे बहुतेक वेळा सगळ्यात महाग निघतो.

मग वेगाचं काय?

आता आकडे. जुनी फिरती हार्ड डिस्क सलग वाचताना सेकंदाला दीडशे-दोनशे एमबी देते. साटा एसएसडी साधारण ५५०. पीसीआय एक्स्प्रेस ३.० वरची एनव्हीएमई साडेतीन हजारापर्यंत. ४.० वरची सात हजाराच्या पुढे. ५.० वरची चौदा हजारापर्यंत. खोक्यावर हेच आकडे ठळक छापलेले असतात. मग माणसाला वाटतं, चौदा हजारवाली घेतली तर गेम पंचवीसपट लवकर उघडेल.

तसं होत नाही. का, ते समजून घेऊ. हे आकडे एकच मोठी फाइल सलग वाचण्याचे आहेत. गेम सुरू होताना बरंचसं वाचन छोट्या-छोट्या तुकड्यांचं असतं. एका वेळी एक, चार केबीचा तुकडा मागितला तर चांगली एनव्हीएमईसुद्धा ५० ते १०० एमबीच्या घरातच राहते, मग ती तिसऱ्या पिढीची असो की पाचव्या. शिवाय वाचलेला डेटा संकुचित असतो, तो उलगडायचं काम प्रोसेसर करतो. शेडर तयार करायचे असतात. तो वेळ ड्राइव्ह कितीही वेगवान असली तरी लागतोच.

मग हार्ड डिस्कवरून एसएसडीवर आल्यावर एवढा फरक का जाणवतो? कारण हार्ड डिस्कची सुई फिरून योग्य जागी पोचायलाच साधारण दहा मिलिसेकंद जातात. एसएसडीला त्याच्या शंभराव्या भागाहून कमी वेळ पुरतो. खरी उडी तिथे आहे. त्यानंतर साटा ते एनव्हीएमई हा फरक बहुतेक गेममध्ये काही सेकंदांचा, आणि एनव्हीएमईच्या पिढ्यांमधला फरक घड्याळ लावून बसल्याशिवाय कळत नाही. आणि हो, एसएसडीनं एफपीएस वाढत नाहीत. ओपन वर्ल्ड गेममध्ये धावत पुढे गेल्यावर येणारे झटके मात्र हार्ड डिस्कच्या तुलनेत खूप कमी होतात.

हार्ड डिस्कवर गेम चालवण्याचे दिवस आता संपत आलेत, हे मात्र खरं. मघाशी सांगितलेल्या तिन्ही गेमच्या किमान गरजांमध्येच एसएसडी लिहिलेली आहे. सायबरपंक २०२० साली आला तेव्हा हार्ड डिस्क चालत होती. २०२३ च्या मोठ्या अपडेटनंतर ती चालत नाही असं कंपनीनं जाहीर केलं.

कुणी म्हणेल, प्लेस्टेशन ५ मध्ये तर सेकंदाला साडेपाच जीबी वेगाची एसएसडी आहे, मग पीसीला तेवढी नको का? प्लेस्टेशनमध्ये डेटा उलगडायला वेगळी चिप आहे. पीसीवर त्याच दिशेनं जाणारं तंत्र म्हणजे मायक्रोसॉफ्टचं डायरेक्टस्टोरेज. ते २०२२ मध्ये आलं, आणि ते वापरणारा पहिला पीसी गेम फोरस्पोकन जानेवारी २०२३ मध्ये. त्यानंतर असे गेम आले, पण मोजकेच. म्हणून माझा सल्ला असा : नवीन घेताय तर एनव्हीएमईच घ्या, चौथ्या पिढीची मधल्या किमतीची. पाचव्या पिढीसाठी जास्तीचे पैसे गेमिंगपुरते तरी घालू नका. त्यातल्या अनेक तापतातही चांगल्याच, नीट हीटसिंक लागतो. आपल्याकडे मे महिन्यात खोलीच चाळीसला टेकलेली असते, हे विसरू नका.

तुमचा मदरबोर्ड काय देतो?

ड्राइव्ह घेण्याआधी मदरबोर्डचं मॅन्युअल उघडा. कागदी नसेल तर कंपनीच्या साइटवर मिळतं. तीन गोष्टी बघा.

एक, एम.२ स्लॉट किती आणि कसले. एम.२ हा फक्त आकार आहे. बावीस मिलिमीटर रुंद, ऐंशी लांब, म्हणून २२८०. त्याच आकारात साटाही येते आणि एनव्हीएमईही येते. काही स्लॉट दोन्ही घेतात, काही एकच. ‘एम.२ आहे म्हणजे फास्ट आहे’ हे खरं नाही.

दोन, स्लॉट कुठल्या पिढीचा. बी४५० बोर्डावर तिसरी पिढी मिळते. बी५५० वर पहिल्या स्लॉटला चौथी मिळते, पण त्यासाठी प्रोसेसरही तसा हवा. रायझन ५ ५६००जी आपल्याकडे अनेकांनी घेतलाय, कारण त्यात ग्राफिक्स आहे. तो तिसऱ्या पिढीपर्यंतच जातो. तिथे चौथ्या पिढीची ड्राइव्ह चालेल, काही बिघडणार नाही, पण वेग साडेतीन हजारावर थांबेल. म्हणजे घेऊ नका असं नाही. पुढच्या पीसीत ती वापरता येईल. फक्त आज त्या वेगाची अपेक्षा ठेवू नका.

तीन, वाटणी. अनेक बोर्डांवर दुसरा एम.२ स्लॉट वापरला की साटाचे एक-दोन पोर्ट बंद होतात. दुसरी ड्राइव्ह बसवली आणि जुनी हार्ड डिस्क दिसेनाशी झाली, की लोक घाबरतात. डिस्क मेलेली नसते, पोर्ट बंद झालेला असतो. केबल दुसऱ्या पोर्टात घाला. इंटेलच्या बाराव्या ते चौदाव्या पिढीच्या काही बोर्डांवर पाचव्या पिढीचा एम.२ स्लॉट वापरला तर ग्राफिक्स कार्डाच्या सोळा लेनच्या आठ होतात. वेगवान ड्राइव्हच्या नादात कार्डाचा रस्ता अर्धा करायचा, हा कसला सौदा?

ज्यांच्या जुन्या पीसीत एम.२ स्लॉटच नाही, त्यांनी खंतावू नये. अडीच इंची साटा एसएसडी घ्या, विंडोज आणि गेम तिच्यावर. हार्ड डिस्कवरून आलात तर पीसी नवा घेतल्यासारखा वाटेल.

टीएलसी, क्यूएलसी आणि डीरॅम

आता आतला माल. एका सेलमध्ये तीन बिट साठवले की टीएलसी, चार साठवले की क्यूएलसी. क्यूएलसी स्वस्त पडते, पण तिची लिहिण्याची सहनशक्ती कमी आणि कॅश संपल्यावर वेग एकदम खाली येतो. काही ड्राइव्ह तर हार्ड डिस्कच्या पातळीला येतात.

पण हे कधी दिसतं? तुमचं इंटरनेट १०० एमबीपीएस असेल, तर गेम सेकंदाला साडेबारा एमबीनं उतरतो. एवढं लिहायला कुठल्याही एसएसडीला घाम फुटत नाही. क्यूएलसी अडते ती एका ड्राइव्हवरून दुसरीवर दोनशे-तीनशे जीबी हलवताना किंवा मोठा व्हिडिओ एडिट करताना. गेम एकदा लिहायचा आणि शंभरदा वाचायचा, असं काम असतं. म्हणून विंडोजसाठी टीएलसी, आणि फक्त गेम ठेवायला दुसरी ड्राइव्ह हवी असेल तर क्यूएलसी चालेल, पण किमतीत खरोखर फरक असला तरच. शंभर-दोनशे रुपयांसाठी नको.

डीरॅमचंही तसंच. काही ड्राइव्हमध्ये पत्त्यांची यादी ठेवायला वेगळी डीरॅम चिप असते. स्वस्त ड्राइव्हमध्ये नसते. पण आजच्या बहुतेक बिनडीरॅमच्या एनव्हीएमई पीसीच्या रॅममधला छोटासा भाग उसना घेतात, त्याला एचएमबी म्हणतात. गेमिंगला तेवढं पुरतं. साटा ड्राइव्हला ही सोय नसते, म्हणून साटा घेताना डीरॅम आहे का ते जरूर विचारा.

आणि आयुष्याची भीती? १ टीबीच्या चांगल्या टीएलसी ड्राइव्हवर साधारण ६०० टीबी लिहिण्याची आणि पाच वर्षांची वॉरंटी असते. पाच वर्षं भागून बघा, रोजचे सव्वातीनशे जीबी होतात. रोज दोन-तीन मोठे गेम उतरवून उडवले तरी पुरेल. लिहून-लिहून एसएसडी संपवणारा गेमर दुर्मीळ. ड्राइव्ह जाते ती बहुतेक वेळा दुसऱ्याच कारणानं, आणि अचानक.

एक मोठी की दोन?

नवीन पीसी असेल आणि पैसे एकदाच घालायचे असतील, तर एक मोठी. जीबीमागे स्वस्त, एक स्लॉट मोकळा राहतो, कटकट नाही.

आधीच २५६ किंवा ५१२ ची ड्राइव्ह असेल, तर ती विकू नका. विंडोज तिच्यावरच राहू द्या, गेमसाठी दुसरी १ किंवा २ टीबी घ्या. स्टीमच्या सेटिंगमध्ये स्टोरेज विभागात नव्या ड्राइव्हवर लायब्ररी जोडता येते आणि उतरवलेले गेम तिथूनच हलवता येतात. पुन्हा डाउनलोड करायला लागत नाहीत. १२५ जीबीचा गेम १०० एमबीपीएसवर उतरायला पावणेतीन तास लागतात, ४० एमबीपीएसवर सात तास, तेही लाइन पूर्ण चालली तर. दोन ड्राइव्हचा हाच खरा फायदा. विंडोज बिघडलं, नव्यानं टाकलं, तरी गेम जागच्या जागी राहतात आणि स्टीम ते ओळखतं.

दोन ड्राइव्ह जोडून रेड शून्य करू का, असंही विचारतात. करू नका. सलग वाचण्याचा आकडा दुप्पट दिसतो, पण गेमला त्याचा उपयोग किती ते मघाशी बघितलं. आणि दोनपैकी कुठलीही एक गेली तरी दोन्हींवरचा डेटा जातो.

‘डी ड्राइव्हमध्ये ठेवलंय, सेफ आहे’

आता मूळ मुद्दा. आपल्याकडे पीसी जोडून देताना एकाच ड्राइव्हचे सी आणि डी असे दोन भाग करायची जुनी पद्धत आहे. घरात सगळ्यांना सांगितलेलं असतं, महत्त्वाचं सगळं डीमध्ये ठेवा. विंडोज पुन्हा टाकताना याचा उपयोग होतो, मान्य. पण ती ड्राइव्हच गेली तर सीही जातो आणि डीही. एका पेटीत मध्ये फळी घातली म्हणून दोन पेट्या होत नाहीत.

हार्ड डिस्क जाताना बऱ्याचदा आवाज करते, अडखळते, आपल्याला सावरायला वेळ देते. एसएसडी रात्री चालू होती आणि सकाळी बायोसमध्ये दिसतच नाही, असं होऊ शकतं. तिच्यातून डेटा काढणं महाग, आणि कित्येकदा अशक्य. चुकून डिलीट केलेली फाइलही ट्रिममुळे सहसा परत येत नाही.

म्हणून एक कागद घ्या आणि दोन रकाने करा. पहिल्यात जे पुन्हा डाउनलोड होतं ते : विंडोज, गेम, ड्रायव्हर. दुसऱ्यात जे कुठेच मिळणार नाही ते : फोटो, व्हिडिओ, हिशेब, स्कॅन केलेली कागदपत्रं, आणि गेमच्या सेव्ह फायली. हो, त्याही. सगळ्या गेमचे सेव्ह क्लाउडवर जात नाहीत. ते बहुधा डॉक्युमेंट्समध्ये किंवा अ‍ॅपडेटाच्या फोल्डरमध्ये असतात, म्हणजे सी ड्राइव्हवर. गेम दुसऱ्या ड्राइव्हवर आहे म्हणून सेव्हही तिथेच असेल, असं धरून चालू नका. दोनशे तासांची मेहनत फॉरमॅटमध्ये जाते ती अशी.

पहिल्या रकान्यासाठी बॅकअपची गरज नाही. दुसऱ्यासाठी एक बाहेरची हार्ड डिस्क घ्या, आठवड्यातून एकदा जोडा, कॉपी करा, काढून ठेवा. कायम जोडून ठेवली तर व्हायरस आणि विजेचा झटका तिलाही लागतो. बॅकअपसाठी फिरती हार्ड डिस्क चांगली, स्वस्तही पडते. एसएसडी वर्षानुवर्षं वीज न देता कपाटात ठेवायची वस्तू नाही, तिच्यातला चार्ज हळूहळू गळतो. सगळ्यात जपायचं असेल त्याची आणखी एक प्रत क्लाउडवर किंवा दुसऱ्या घरी ठेवा.

मला कुणी विचारलं, बजेटमध्ये चौथ्या पिढीची भारी ड्राइव्ह बसते किंवा साधी ड्राइव्ह अधिक बाहेरची हार्ड डिस्क बसते, काय घेऊ? दुसरं घ्या. दोन सेकंद उशिरा उघडलेल्या गेमबद्दल घरात कुणी तुम्हाला कधी बोलणार नाही.

खरेदी करताना आणि घरी आल्यावर

दुकानात कोटेशनवर पूर्ण मॉडेल लिहून घ्या. बिल जीएसटीचं, आणि त्यावर सिरियल नंबर. लॅमिंग्टन रोडला घ्या नाहीतर ऑनलाइन, वॉरंटीला हेच लागतं. परदेशातून नातेवाइकांकडून मागवत असाल तर ती वॉरंटी भारतात चालते का ते आधी बघा.

ऑनलाइन ‘१६ टीबी एसएसडी’ दोन-तीन हजारात दिसली तर पुढे सरका. असल्या डब्यात बहुतेक वेळा छोटं मेमरी कार्ड असतं आणि ते खोटी क्षमता दाखवतं. फाइल कॉपी झाल्यासारखी दिसते, उघडायला जाल तेव्हा रिकामी. शंका असेल तर एच२टेस्टडब्ल्यू नावाचं फुकट साधन आहे. ते पूर्ण ड्राइव्ह लिहून, पुन्हा वाचून खरी क्षमता सांगतं.

ड्राइव्ह बसवली आणि माय कॉम्प्युटरमध्ये दिसत नाही? नवी असेल तर आधी डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन ती इनिशियलाइज करावी लागते. जीपीटी निवडा. तिथे दोन-तीन ड्राइव्ह दिसतात, फॉरमॅट करताना आकार बघून खात्री करा. घाईत जुनीच फॉरमॅट होते. आणि जुनी ड्राइव्ह काढण्याआधी बिटलॉकर चालू आहे का ते बघा. नव्या विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट खात्यानं लॉगिन केलं की एन्क्रिप्शन आपोआप चालू झालेलं असू शकतं. रिकव्हरी की आधी लिहून ठेवा, नाहीतर स्वतःच्याच डेटाला कुलूप.

शेवटचं, वीज. लिहिणं चालू असताना वीज गेली तर फायली खराब होऊ शकतात, कधीकधी ड्राइव्हही. घरगुती ड्राइव्हमध्ये सर्व्हरच्या ड्राइव्हसारखे राखीव वीज देणारे कपॅसिटर सहसा नसतात. पावसाळ्यात दिवसातून चारदा वीज जाणाऱ्या गावात राहत असाल, तर पीसी नीट बंद करण्यापुरती पाच मिनिटं देणारा यूपीएस घ्या. तुमच्या पीसीच्या लोडला पुरेल एवढ्या वॅटचा, हे मात्र बघून घ्या.

तर मंडळी, या आठवड्यात एक काम करा. नवीन काही घ्यायच्या आधी, आज आहे त्या पीसीचा तो दुसरा रकाना भरा आणि त्याची एक प्रत काढा. मॉडेल निवडताना अडलात तर मदरबोर्डचं आणि प्रोसेसरचं नाव लिहून प्रश्न पाठवा, नुसतं ‘कुठली एसएसडी घेऊ’ असं नको. पुढच्या भागात पॉवर सप्लायबद्दल बोलू. तोवर खेळत राहा. भेटू.